थंड हवामानात पेंट प्रोटेक्शन फिल्म बसवणे

पेंट प्रोटेक्शन फिल्म किंवा संक्षेपाने पीपीएफ ही मोटारीच्या रंगावर चिकटवली जाणारी पारदर्शक व लवचीक संरक्षक फिल्म होय. चाकांखालून उडणारे खडे, वाळू, मीठ, पक्ष्यांची विष्ठा, कीटक आणि धुताना पडणारे बारीक ओरखडे यांपासून मूळ रंगाचे रक्षण करणे हा तिचा हेतू असतो. फिल्म बसवण्यासाठी साधारणतः १५ ते ३० °से. तापमान योग्य मानले जाते. त्याहून कमी तापमानात फिल्म ताठर होते, चिकटद्रव्याची पकड मंदावते आणि फिल्मखालील पाणी लवकर निघून जात नाही. त्यामुळे कॅनडा, उत्तर अमेरिकेचा उत्तर भाग, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांसारख्या प्रदेशांत हिवाळ्यात नवी मोटार घेणाऱ्यांपुढे एक पेच असतो. रस्त्यांवर मीठ व खडी पसरलेली असल्याने रंगाला सर्वाधिक धोका याच काळात असतो आणि फिल्म बसवण्यास सर्वांत प्रतिकूल काळही हाच असतो.

पार्श्वभूमी

पॉलियुरेथेन या बहुवारिकाचा शोध जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. त्यापासून बनवलेल्या पारदर्शक संरक्षक पट्टीचा वापर व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरांवर होऊ लागला. वाळू व कचऱ्याच्या माऱ्याने हेलिकॉप्टरांची पाती झिजत असत. ती झीज रोखण्यासाठी थ्रीएम या कंपनीने ही पट्टी विकसित केली. पुढे मोटार शर्यतींत गाडीच्या पुढील भागाच्या संरक्षणासाठी तिचा उपयोग होऊ लागला आणि तेथून ती सर्वसाधारण मोटारींवर आली.

सुरुवातीच्या फिल्म जाड व ताठर होत्या आणि सूर्यप्रकाशात पिवळ्या पडत. अतिनील किरणांना अधिक टिकणारे अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन वापरात आल्यावर हा दोष बराच कमी झाला. पृष्ठभागावरील बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येणारा वरचा लेप २०१० च्या दशकात रूढ झाला.

रचना

आजच्या फिल्मची जाडी साधारणतः १५० ते २०० मायक्रॉन असते. कारखान्यात मोटारीवर चढवलेल्या रंगाच्या सर्व थरांची एकत्रित जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन असते. म्हणजे फिल्म बहुधा मूळ रंगापेक्षाही जाड असते. तिचे प्रमुख थर पुढीलप्रमाणे असतात.

• वरचा लेप : डाग व रसायने रोखणारा, चकाकी देणारा आणि बारीक ओरखडे भरून काढणारा पातळ थर.
• मुख्य थर : थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा जाड थर. खड्याच्या आघाताची ऊर्जा हाच थर शोषून घेतो.
• चिकटद्रव्य : दाबाने चिकटणारे, बहुधा अ‍ॅक्रिलिक प्रकारचे.
• अस्तर : चिकटद्रव्याचे रक्षण करणारा कागदी किंवा प्लास्टिकचा थर. फिल्म बसवताना तो सोलून काढला जातो.

हिवाळ्यात रंगाला असलेला धोका

बर्फ वितळवण्यासाठी थंड देशांत रस्त्यांवर सोडियम क्लोराइड म्हणजे साधे मीठ टाकले जाते. पाण्याचा गोठणबिंदू मिठामुळे खाली येतो. तथापि मीठ व पाण्याचे मिश्रण सुमारे −२१ °से.च्या खाली द्रवरूप राहू शकत नाही. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी मिठाचा परिणाम मंदावतो. म्हणून अधिक थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरले जाते किंवा घर्षण वाढवण्यासाठी वाळू व बारीक खडी पसरली जाते. उत्तर युरोपातील देशांत हिवाळ्यात खिळे बसवलेले टायर वापरण्याची मुभा असते. हे टायर रस्त्याचा पृष्ठभागही खरवडतात.

या सर्वांमुळे पुढील गाडीच्या चाकांखालून उडणाऱ्या कणांचे प्रमाण वाढते. थंडीत रंगाचे थरही अधिक ठिसूळ होतात. त्यामुळे एखाद्या खड्याने रंगाचा टवका उडण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा अधिक असते. रंगाची खड्यांना दाद न देण्याची क्षमता मोजणाऱ्या एसएई जे४०० या चाचणीत नमुन्यावर खडीचा मारा केला जातो. ती खोलीच्या तापमानाबरोबरच थंड केलेल्या नमुन्यांवरही घेतली जाते. टवका धातूपर्यंत पोहोचला, तर तेथे मिठाचे पाणी साचून गंज धरू लागतो. आधुनिक मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा थर असल्याने गंज लगेच पसरत नाही, परंतु तो कायमचा टळतोही असे नाही.

थंडीचा परिणाम

चिकटद्रव्यावर

दाबाने चिकटणारे द्रव्य सुकून किंवा रासायनिक क्रिया होऊन कठीण होत नाही. ते अंशतः द्रवासारखे व अंशतः रबरासारखे वागते. दाब दिल्यावर ते पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचखळग्यांत हळूहळू पसरते आणि पृष्ठभागाशी त्याचा प्रत्यक्ष संपर्क जितका वाढतो तितकी पकड वाढते. हे पसरणे शक्य होण्यासाठी द्रव्य पुरेसे मऊ असावे लागते. थ्रीएममधील संशोधक कार्ल डालक्विस्ट यांनी या मऊपणाची मर्यादा दाखवून दिली. द्रव्याचा स्थितिस्थापकता गुणांक साधारणतः ३ लाख पास्कलच्या आसपास किंवा त्याखाली असेल, तरच ते हलक्या दाबाने चिकटते. हा निकष डालक्विस्ट निकष या नावाने ओळखला जातो.

तापमान उतरले की हा गुणांक वाढतो. द्रव्य कडक होते, पसरण्यास अधिक वेळ घेते आणि सुरुवातीची पकड कमी राहते. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. उबेत बसवलेली आणि पूर्ण पकड आलेली फिल्म शून्याखालील तापमानातही टिकून राहते. चिकटण्याच्या काळातील थंडी मात्र घातक ठरते. त्यामुळे फिल्म किती थंडीत वापरता येते आणि किती थंडीत बसवता येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

फिल्मवर

मऊ पॉलियुरेथेन थंडीत ताठर होते. बंपरचे कोपरे, आरशांची आवरणे, दाराच्या मुठीमागील खोलगट भाग अशा वक्र जागी फिल्म ताणून बसवावी लागते. थंड फिल्म ताणण्यास अधिक बळ लागते आणि ताणलेली फिल्म मूळ आकारात परत येण्याचा प्रयत्न करते. चिकटद्रव्याची पकड त्या वेळी अपुरी असल्याने कडा उचलल्या जातात. बॉनेटसारख्या सपाट भागावर हा दोष कमी दिसतो. कडांवर व कोपऱ्यांवर तो सर्वाधिक आढळतो.

ओरखडे आपोआप भरून येण्याचा गुणधर्मही उष्णतेवर अवलंबून असतो. बसवताना स्क्वीजीने पडलेले हलके ओरखडे उन्हात किंवा कोमट पाण्याने नाहीसे होतात, थंडीत मात्र ते तसेच राहतात.

पाण्यावर

फिल्म ओल्या पृष्ठभागावर सरकवून नेमक्या जागी आणली जाते आणि नंतर खालचे पाणी स्क्वीजीने बाहेर काढले जाते. ५ °से. तापमानाचे पाणी २५ °से.च्या पाण्यापेक्षा सुमारे १.७ पट दाट असते, म्हणजे ते तितक्या कमी सहजतेने वाहते. उरलेला ओलावा कडांतून व फिल्ममधून हळूहळू बाष्परूपाने निघून जातो. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब २५ °से.ला सुमारे ३.२ किलोपास्कल असतो, तर ५ °से.ला तो सुमारे ०.९ किलोपास्कल असतो. म्हणून थंडीत वाळण्याची क्रिया फार मंद होते. ओलावा शिल्लक असताना तापमान शून्याखाली गेले, तर पाण्याचा बर्फ होतो व त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. अशा वेळी कडेजवळ साचलेले पाणी फिल्म वर उचलू शकते.

जागेची पूर्वतयारी

थंड प्रदेशांत हे काम बंदिस्त व उबदार जागेतच केले जाते. केवळ खोलीतील हवा गरम असणे पुरेसे नसते. मोटारीचा पत्रा, बंपर, फिल्मचा रोल आणि वापरायचे पाणी या सर्वांचे तापमान वर यावे लागते. बाहेर गोठलेली मोटार आत आणल्यावर हवेचे तापमान लवकर वाढते, पण मोटारीच्या वस्तुमानामुळे तिचे भाग मागे राहतात. म्हणून मोटार आदल्या दिवशी आत आणून रात्रभर ठेवणे इष्ट ठरते. पृष्ठभागाचे तापमान अवरक्त तापमापकाने वेगवेगळ्या ठिकाणी तपासतात. प्लास्टिकचा बंपर उष्णतेचा मंदवाहक असल्याने त्याचे तापमान पत्र्याच्या तापमानाहून वेगळे असू शकते.

थंड मोटार उबदार खोलीत आणल्यास तिच्यावर दव जमते. खोलीतील हवा २० °से. आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे ९ °से. असतो. पत्रा त्याहून थंड असेपर्यंत त्यावर पाणी साचत राहते. सांध्यांत, दिव्यांच्या कडांत व चिन्हांच्या मागे अडकलेले वितळते बर्फही पुढे तासन्‌तास झिरपते. फिल्मची कडा नेमकी त्याच जागी संपत असल्याने हे सांधे संकुचित हवेने कोरडे करून घ्यावे लागतात.

उलटपक्षी, बाहेरची थंड हवा आत घेऊन तापवल्यास तिची सापेक्ष आर्द्रता बरीच घटते. अशा कोरड्या हवेत अस्तर सोलताना स्थिर विद्युत निर्माण होते आणि चिकट बाजूकडे धूळ व धागे ओढले जातात. यासाठी जमीन ओली ठेवणे, तसेच अस्तर सोलताना चिकट बाजूवर लगेच द्रावण फवारणे हे उपाय केले जातात.

गरम करण्याच्या साधनांची निवड सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाची असते. केरोसीन किंवा डिझेलवर चालणाऱ्या उघड्या ज्योतीच्या हीटरमधून बाष्प व काजळी बाहेर पडते. बंद जागेत असा हीटर लावणे किंवा बॉनेट गरम करण्यासाठी इंजिन चालू ठेवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. फिल्मच्या कामात वापरले जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वालाग्राही असून त्याचा प्रज्वलनांक सुमारे १२ °से. आहे. म्हणजे खोली उबदार होताच त्याचे बाष्प पेट घेण्याजोगे होते. म्हणून उघड्या ज्योतीऐवजी विजेवरील उष्णतेस किंवा खोलीबाहेर ज्वलन होणाऱ्या यंत्रणेस प्राधान्य दिले जाते आणि हवा खेळती ठेवली जाते.

नव्या मोटारीच्या पृष्ठभागाची तयारी

कारखान्यात मोटारीचा रंग साधारणतः १३० ते १५० °से. तापमानाच्या भट्टीत भाजला जातो. त्यामुळे विक्रेत्याकडे पोहोचलेल्या नव्या मोटारीचा रंग पूर्ण पक्का झालेला असतो व फिल्मसाठी थांबण्याची गरज नसते. वाहतुकीत नुकसान झाल्याने एखादा भाग पुन्हा रंगवलेला असेल, तर स्थिती वेगळी असते. कार्यशाळेत दिलेल्या रंगातून विद्रावके अनेक आठवडे बाहेर पडत राहतात. त्यावर लवकर फिल्म लावल्यास बुडबुडे येतात आणि पुढे फिल्म काढताना रंगही सोलून निघण्याचा धोका असतो. थंडीत विद्रावके आणखी सावकाश निघत असल्याने हा अवधी वाढवावा लागतो. रंगाची जाडी मोजणाऱ्या उपकरणाने असा पुन्हा रंगवलेला भाग ओळखता येतो.

नवी मोटार स्वच्छ दिसली, तरी रेल्वेने किंवा ट्रकने येताना तिच्यावर लोखंडाचे सूक्ष्म कण व इतर कचरा रुतलेला असतो. लोहकण विरघळवणारे द्रावण, नंतर क्ले बार आणि शेवटी अल्कोहोलमिश्रित पाण्याने पुसणे, असा शुद्धीचा क्रम असतो. मेण किंवा सिरॅमिक लेप आधी दिलेला असल्यास तो काढावा लागतो, कारण त्यावर चिकटद्रव्याची पकड कमी होते. हिवाळ्यात थोडे अंतर चालवलेल्या मोटारीवर मिठाचा थर असतो. तो कोरडा पुसल्यास रंगावर ओरखडे पडतात. म्हणून भरपूर पाण्याने धुणे आवश्यक असते. आधीच उडालेले टवके पारदर्शक फिल्मखाली झाकले जात नाहीत, उलट ते कायमचे दिसत राहतात.

बसवण्याची पद्धत

मोटारीच्या प्रतिकृतीनुसार फिल्म संगणकीय प्लॉटरवर आधीच कापून घेतली जाते किंवा मोठा तुकडा मोटारीवर पसरून कडेने कापला जातो. दुसऱ्या पद्धतीत पाते रंगाला लागण्याचा धोका असतो. थंडीत ताठर झालेली फिल्म कापताना हात अधिक जोराने दाबला जातो, त्यामुळे हा धोका वाढतो.

कामात दोन द्रावणे वापरली जातात. पाण्यात बेबी शांपूचे काही थेंब टाकून केलेले द्रावण फिल्म सरकवण्यासाठी असते. पाण्यात अल्कोहोल मिसळून केलेले दुसरे द्रावण साबण धुऊन काढते व फिल्म जागेवर धरून ठेवते. थंड हवामानात पुढील बदल केले जातात.

१. फिल्मचा रोल किमान एक दिवस उबदार खोलीत ठेवला जातो.
२. पाणी कोमट घेतले जाते आणि बाटल्या कामाच्या दरम्यान पुन्हा भरल्या जातात.
३. शांपूचे प्रमाण कमी ठेवले जाते. अधिक साबणामुळे आधीच मंद असलेली पकड आणखी लांबते.
४. धरून ठेवणाऱ्या द्रावणातील अल्कोहोलचे प्रमाण थोडे वाढवले जाते. अल्कोहोल लवकर उडून जाते.
५. वक्र भागावर ताण देण्यापूर्वी फिल्म स्टीमरने किंवा हीट गनने कोमट केली जाते. एकाच जागी उष्णता धरल्यास फिल्म पातळ होते, तिच्यावर डाग पडतो किंवा ती वितळते, त्यामुळे साधन सतत फिरते ठेवले जाते.
६. स्क्वीजीचे फटके मध्यापासून कडेकडे, एकमेकांवर येतील असे व नेहमीपेक्षा सावकाश मारले जातात.
७. कडा कोरड्या करून, हलके तापवून दाबल्या जातात. थंड झाल्यावर त्या पुन्हा तपासल्या जातात.

ताण शक्य तितका मोठ्या क्षेत्रावर विभागणे हे कुशल कारागिराचे लक्षण मानले जाते. कोपऱ्यातच सर्व ताण साठवून उष्णतेने तो तात्पुरता दाबल्यास मोटार बाहेरच्या थंडीत जाताच कडा सुटते. पॉलिप्रॉपिलीनचा बंपर तापमानानुसार पोलादी पत्र्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक आकुंचन पावतो. उबदार खोलीत बसवलेल्या फिल्मच्या कडांवर त्यामुळेही भार येतो.

बसवल्यानंतरची निगा

काम संपताच मोटार गोठवणाऱ्या हवेत नेणे ही हिवाळ्यातील सर्वांत सामान्य चूक होय. किमान २४ ते ४८ तास मोटार उबदार जागेत ठेवल्यास कडांची पकड स्थिर होते. पहिला आठवडाभर धुणे टाळले जाते. फिल्मखाली धुरकटपणा किंवा पाण्याचे बारीक फुगे दिसणे हे सुरुवातीस स्वाभाविक असते. उबदार हवेत ते काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत जातात, थंडीत त्यांस अधिक वेळ लागतो. पाण्याचा फुगा दाबल्यास हलतो व कालांतराने आकसतो. हवेचा फुगा किंवा धुळीचा कण मात्र आपोआप जात नाही. हा फरक ठाऊक नसल्यास वाळत असलेली फिल्म सुईने टोचली जाते आणि कायमचे छिद्र पडते.

हिवाळाभर फिल्म लावलेल्या भागावर बर्फ खरवडण्याची प्लास्टिकची पट्टी किंवा कडक ब्रश वापरला जात नाही. गोठलेल्या फिल्मवर उकळते पाणी ओतणेही अहितकारक असते. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा कडेवर थेट व जवळून मारल्यास कडा उचलली जाते. मीठ मात्र वेळोवेळी धुऊन काढावे लागते, कारण ते कडांवर साचून तेथे मळाची रेघ धरते.

बसवावी की थांबावे

तापवलेली बंदिस्त जागा उपलब्ध असेल, तर हिवाळ्यात बसवलेल्या फिल्मचा दर्जा उन्हाळ्यातील कामाच्या तोडीचा असू शकतो. अशी जागा नसल्यास दोन मध्यममार्ग उरतात. पहिल्या मार्गात बॉनेटचा पुढील भाग, पुढील बंपर व आरसे एवढ्याच भागांवर फिल्म बसवली जाते, कारण खड्यांचा मारा प्रामुख्याने याच भागांवर होतो. दुसऱ्या मार्गात वसंतापर्यंत थांबून तोवर मेणाचा थर, चाकांमागील चिखलरोधक आणि पुढील वाहनापासून अधिक अंतर यांवर भिस्त ठेवली जाते. थांबण्यात काही टवके उडण्याची जोखीम असते. परंतु उघड्यावर, गोठणबिंदूजवळच्या तापमानात बसवलेली फिल्म बहुधा काढून नवी लावावी लागते आणि त्यात साहित्य व श्रम दोन्ही वाया जातात.

भारतातील स्थिती

भारतात लडाख, काश्मीर आणि हिमाचल प्रदेशाचा उंच भाग वगळता थंडीचा हा प्रश्न तीव्र नाही. लेह येथे जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते व दिवसाही पुरेशी ऊब नसते. महाराष्ट्रात निफाड, नाशिक, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीतील पहाटे तापमान एक अंकी होते, तरी दुपारी हवा पुरेशी उबदार असते. त्यामुळे उघड्या शेडमध्ये सकाळी थंडगार पत्र्यावर काम सुरू करण्याऐवजी दुपारपर्यंत थांबणे एवढाच उपाय बहुधा पुरतो. येथील कामात थंडीपेक्षा धूळ, उन्हाळ्यात तापलेला पत्रा आणि क्षारयुक्त पाणी यांचा अडथळा मोठा असतो. तापलेल्या पत्र्यावर फिल्म सरकण्याआधीच चिकटते, म्हणजे थंडीच्या नेमकी उलट अडचण येते. क्षारयुक्त पाण्याचे डाग फिल्मखाली राहू नयेत म्हणून शुद्ध केलेले पाणी वापरले जाते.

हेही पहा

• पॉलियुरेथेन
• चिकटद्रव्य
• दवबिंदू
• गंज
• सिरॅमिक लेप